शेवंतीला अंधार लागतो

आनंदा गावड्याला कुणी नव्या घरी बोलावलं, की तो थेट गच्चीवर जात नसे. आधी चपला दाराशी काढून तो विचारायचा, "सकाळचा च्या कुठं बसून घेताय?" लोकांना वाटायचं, माळी चहा मागतोय. मग कुणी बाल्कनीतली वेताची खुर्ची दाखवायचं, कुणी जिन्याजवळचा झोपाळा. आनंदा त्या घरच्या माणसाला तिथंच बसायला लावायचा, खिशातून खडू काढायचा आणि फरशीवर गोल काढत जायचा. मोठा गोल म्हणजे मोठी कुंडी, लहान म्हणजे लहान. "ह्यात उंच झाड येतंय. हे पुढचं दोन लोंबत्यात खाली. हितं मातूर रिकामंच ठेवायचं, न्हाईतर डोळ्याला बसायला जागा ऱ्हात न्हाई."

गोल एकदा काढले की वर्षभर तेच राहायचे, त्यातली झाडं मात्र बदलायची. पावसाळ्यात तेरडा आणि कर्दळ, थंडीत शेवंती, शिमग्यानंतर पिटुनिया आणि झिनिया, कडक उन्हात नुसती रंगीत पानांची झाडं. ही बदलाबदल आनंदा स्वतः करायचा. फुलायला आलेल्या कुंड्या घेऊन यायचा, उतरलेल्या परत न्यायचा. हुबळीत देशपांडे नगर आणि आसपास, शिवाय धारवाडात नऊ, अशी मिळून त्याची एकतीस घरं होती. डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी. बायका त्याला अण्णा म्हणत. त्याला अक्षरओळख जेमतेम होती, पण कुठल्या घरी कोणता गोल कुठं आहे हे डोळे मिटून सांगायचा.

तो मूळचा अळणावरजवळच्या खेड्यातला. बाप लाकडाच्या अड्ड्यावर ओंडके ढकलायचा. सोळाव्या वर्षी आनंदा धारवाडात एका निवृत्त इंजिनिअरच्या बंगल्यावर पाणी घालायला लागला. त्या म्हाताऱ्याला सगळं मोजून लागायचं. कुंडीतल्या दोन झाडांमधलं अंतर तो पट्टीनं तपासायचा. आनंदाला मोजायची सवय तिथं लागली ती कायमची. पुढं नर्सरीत बारा वर्षं काढली आणि मग स्वतःचं सुरू केलं. हुबळीबाहेर तारिहाळच्या मागच्या बाजूला एका कारखानदाराचा मोकळा प्लॉट पडून होता. राखण करायची आणि राहायचं, एवढ्या बोलीवर तो त्याला मिळाला. एका टोकाला पत्र्याची खोली, दुसऱ्या टोकाला फाटक, फाटकाला लागून संडास. मधे सरळ चाळीस पावलांची वाट. वाटेच्या एका अंगाला तारेचं कुंपण, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. उरलेल्या सगळ्या जागेत कुंड्या.

लोकांना वाटायचं हे सगळं आनंदाचं. त्यातलं निम्मं कमलचं होतं.

कमल त्याची बायको, हल्याळकडची. माती ती कालवायची. तीन पाट्या तांबडी माती, दोन शेणखत, एक वाळू. मूठभर घेऊन आवळायची आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायची. गोळ्याचे दोन तुकडे झाले तर माती बरोबर. भुगा झाला तर शेणखत कमी, नुसता चपटला तर वाळू कमी. शेवंती तर पूर्ण तिचीच. जूनमध्ये जुन्या झाडांच्या बुडातून फुटलेल्या काश्या ती वेगळ्या करून लावायची, श्रावणात दोनदा शेंडे खुडायची, म्हणजे झाड उंच न जाता पसरतं. साखरेनं तिचे डोळे गेल्या चार वर्षांत हळूहळू गेले. दवाखान्यात लेसर झालं, तरी दिवसा समोरचं माणूस आकारावरून ओळखू यायचं इतकंच. संध्याकाळ झाली की तेही नाही. पण शेंडे खुडायला तिला डोळे लागत नव्हते. अंगठा आणि बोट झाडावरून फिरवायची आणि बरोबर तिसऱ्या पानावर नख लावायची.

"डोळ्यानं खुडणाऱ्याचं चुकतंय," ती म्हणायची. "बोटाला लबाडी येत न्हाई."

त्या वर्षी आषाढात ती रात्री संडासाला निघाली आणि वाटेतल्या शेवाळावरून घसरली. डावा हात मनगटाजवळ मोडला. प्लास्टर दीड महिना राहिलं. निघालं तेव्हा हात सरळ होता, पण बोटं मिटेनात. पेला धरायला गेली की सुटायचा. आनंदानं वाटेवरचं शेवाळ घासून काढलं, चुना टाकला आणि टाकीजवळ लोखंडी खांब पुरून त्यावर मोठा फोकस लावला. दिवे लागायच्या वेळेला बटण दाबलं की सगळा प्लॉट दिवसासारखा उजळायचा, तो सकाळपर्यंत. एवढ्या उजेडात कमलला वाट पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसे. त्या पट्ट्यावरून ती रात्री दोन-तीनदा जाऊन यायची. साखरेच्या माणसाला रात्री उठावं लागतंच.

"लग्नात बी एवढा उजेड नव्हता," ती म्हणाली.

"लग्नात गॅसबत्ती हुती. ती बी तुझ्या बापानं अर्ध्यात विझवली, राकेल जातंय म्हणून."

"तरी तुमी वाट चुकला न्हाई. जेवायला बरोबर पयल्या पंगतीत."

दसरा झाला. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास शेवंतीच्या शेंड्यात हिरव्या मण्यासारख्या कळ्या लागायच्या. त्या वर्षी कमल सकाळी कुंड्यांमधून बोटं फिरवत गेली आणि चौथ्या ओळीत थांबली.

"कळी न्हाई," ती म्हणाली.

"उशीर झाला आसंल. पाऊस लांबला यंदा."

"पावसाचं काय न्हाई त्यात. पानच निघालंय पुढं. पानावर पान."

आनंदानं वाकून पाहिलं. झाडं देखणी होती. गर्द हिरवी, भरलेली, आणि चारशे कुंड्यांत एकही कळी नाही. त्यानं खत बदललं. पाणी कमी करून पाहिलं. काश्याच खराब निघाल्या असतील म्हणून गेल्या वर्षीची जुनी झाडं धुंडाळली, तर तीही तशीच. शेवंती म्हणजे त्याच्या वर्षाचा कणा होता. तेरडा, झिनिया कुणीही देतं. एकतीस घरं त्याला धरून होती ती थंडीतल्या शेवंतीसाठी. मोठ्या नर्सऱ्या बेंगळुरूहून तयार कुंड्यांचे ट्रक आणू लागल्या होत्या, आणि एकदा घर तिकडं गेलं की परत येत नाही हे त्यानं दोन घरांत पाहिलं होतं. कमलच्या इन्सुलिनसकट सगळं त्या फुलांवर चालत होतं.

उलगडा झाला तो श्रीलक्ष्मीबाईंच्या घरी. ह्या देशपांडे नगरात राहत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांना कळी लागताना बघायला आवडायचं, म्हणून आनंदा त्यांच्याकडं दोन कुंड्या भाद्रपदातच हिरव्या नेऊन ठेवायचा. तो मान खाली घालून सांगायला गेला, की बाई, यंदा शेवंतीचं काही खरं नाही. बाई त्याला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. दोन्ही कुंड्या कळ्यांनी लगडल्या होत्या.

आनंदा उकिडवा बसला. पानं हातात घेऊन बघितली. त्याचीच झाडं. कमलनंच खुडलेली.

"तुझ्याकडं नाहीत कळ्या?" बाईंनी विचारलं. "एकही नाही? मग काहीतरी बदललंय तिथं. पाणी तेच?"

"त्येच की."

"रात्री उजेड आहे का जवळपास? कारखान्याचा वगैरे?"

आनंदानं हातातलं पान सोडलं. मग म्हणाला, "म्या लावलाय फोकस. मंडळीसाठी."

बाई पायरीवर बसल्या. "शेवंती रात्र मोजते, आनंदा. रात्र लांबायला लागली की तिला कळतं थंडी आली, मग ती कळी धरते. तू रात्रच ठेवली नाहीस. तिच्या लेखी अजून ज्येष्ठच चालू आहे."

"मग आता?"

"आत्ता बंद केलास तर महिन्याभरात कळी येईल. मार्गशीर्षात फुलं. उशिरा, पण येतील. मात्र अंधार पक्का हवा. मधे घटकाभर दिवा लावलास तरी तिची मोजणी मोडते."

आनंदा घरी आला आणि कमलला काही बोलला नाही. दिवे लागायला फोकस लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला सतीश आला. हा गेली आठ वर्षं त्याच्या कुंड्या पोचवत होता आणि बाईंकडंही जात-येत असे. त्यानं सहज विचारलं, "काय अण्णा, बाई म्हणाल्या फोकस काढायला, काढला न्हाई अजून?" तेव्हा कमलला सगळं कळलं.

त्या संध्याकाळी आनंदा बटणाकडं गेला तर ती तिथं पाट टाकून बसली होती.

"ऊठ."

"न्हाई उठत. चारशे झाडांचं वरीस एका बाईच्या संडासासाठी घालवायचं व्हय?"

"बादली ठिवतो खोलीत."

"बादलीत मी मेल्यावर. जोवर पाय चालत्यात तोवर न्हाई."

"मग मला उठवायचं. मी येतो हात धरून."

"दिसभर कुंड्या उचलून तुमी रात्री वंडक्यागत पडताय. हाक मारून मारून माझंच काम हुईल हितं."

बॅटरीचा उपयोग नव्हता. झोत पडला की तिला नुसत्या रंगीत चकत्या दिसायच्या. झीरोचा दिवा दारापलीकडं पोचत नव्हता. संडासाजवळच खोली घालावी तर जागा दुसऱ्याची. आनंदा रात्रभर विचार करत राहिला आणि सकाळी उठून हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात गेला. काथ्याचा जाड दोर घेऊन आला. वाटेच्या बरोबर मधोमध त्यानं बांबू पुरले, दारापासून संडासापर्यंत, आणि कमरेच्या उंचीला दोर ताणून बांधला. मधोमध अशासाठी, की एका अंगाची तार आणि दुसऱ्या अंगाच्या टाकी-कुंड्या, दोन्हींपासून ती लांब राहावी. टाकी आली की दोराला एक गाठ. संडासाअलीकडची पायरी आली की दोन गाठी. संडासाच्या कडीपाशी चिंधी.

कमल दोर चाचपत उभी राहिली. "घेवड्याचा येल चढवतासा तसं मला चढवायला लागलासा."

"येल बी ऐकतोय. तू ऐक म्हंजे झालं."

तिनं उजव्या हातात दोर धरला आणि चालू लागली. दोराच्या डाव्या अंगानं, कुंपणाकडून. आनंदा मागून चालत होता. एक गाठ. दोन गाठी, पाय उचलला, बरोबर पायरीवर टाकला. चिंधी. ती हसली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुणाच्या तरी झिनियाला कीड लागली होती. तो बोलत बोलत टाकीमागं गेला. कमल एकटी परत आली. ती कशी परत आली ते त्यानं पाहिलं नाही.

फोकस उतरवून त्यानं पत्र्यावर टाकला. पुढचे दोन महिने रात्री प्लॉटवर मिट्ट काळोख असे. कधी जाग आली तर आनंदाला ऐकू यायचं, काथ्यावरून तिचा तळवा घासत चाललेला. सर्र, थांबणं. सर्र, थांबणं. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज जवळ येत. मग खाटेची करकर. तो कूस बदलून झोपायचा.

कार्तिकात एका सकाळी कमलनं त्याला हाक मारली आणि त्याचं बोट धरून एका शेंड्यावर ठेवलं. मुगाएवढा कठीण दाणा. दुसऱ्या शेंड्यावर, तिसऱ्यावर. चारी ओळींत. दोघं काही वेळ तशीच कुंड्यांमधे बसून राहिली. आनंदानं तंबाखू काढली आणि मळायची विसरला.

मार्गशीर्ष सरता सरता पहिल्या बावीस कुंड्या निघायच्या लायकीच्या झाल्या. पिवळ्या आणि जांभळ्या, कळ्या अर्ध्या उघडलेल्या. पूर्ण फुललेली कुंडी आनंदा कधी देत नसे. फूल घरात उघडायला हवं, मग ते घर त्याला आपलं म्हणतं, असं तो म्हणायचा. सतीशला त्यानं फोन केला.

"अण्णा, उद्या एळ्ळ अमावास्या हाय," सतीश म्हणाला. "शेतात जायचंय मला. सगळं घर निघालंय. जेवण न्यायचं, रानात निवदाचा चरगा शिंपडायचा. दुपारच्या आत पोचलो न्हाई तर आई घरात घ्यायची न्हाई."

"मग परवा ये."

"परवा माझं गदगचं भाडं हाय, दोन दिवस. आसं करा, मी पहाटं पाचलाच येतो. तुमी कुंड्या रात्रीच फाटकाजवळ काढून ठेवा. दहा मिन्टांत भरतो, घरोघर देतो आन तसाच रानात जातो."

एरवी आनंदा कुंड्या सकाळीच हलवायचा. एक एक उचलायचा, पानं पुसायचा आणि टेम्पोत ठेवायचा. रात्री वाटेवर काही ठेवायचं नाही हा नियम त्यानंच घातला होता, दोर बांधला त्या दिवशी. पण सणाच्या दिवशी सतीशला अडवणं बरं नव्हतं, आणि तीन-चार दिवस थांबलं तर फुलं हितंच उघडणार. त्यानं वाटेकडं नीट पाहिलं. दोराच्या दोन्ही अंगांना दीड-दीड हात जागा होती. कमल कुंपणाच्या अंगानं चालते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं सगळ्या बावीस कुंड्या टाकीच्या अंगाला मांडल्या. पायरीपासून सुरू करून खोलीच्या दिशेनं, सरळ रेषेत, दोन कुंड्यांमधे वीतभर अंतर. कुंपणाकडची बाजू त्यानं झाडून काढली. एक पान राहिलं होतं तेही उचललं.

खोलीत आला तर कमल गोळी घेऊन आडवी झाली होती.

"भरल्या व्हय कुंड्या?" तिनं विचारलं.

"काढून ठिवल्या. सतीश पहाटं येतोय."

"बरं झालं. उद्या त्याच्या आईला सांगा, भाकरी धाडायला. अमावास्येची त्यांची भाकरी खायला मिळाली न्हाई यंदा."

"सांगतो."

कुठं काढून ठेवल्या ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. बावीस कुंड्या उचलून त्याची कंबर धरली होती. तो पडला तसा झोपला.

पाचला फाटकाबाहेर हॉर्न वाजला. आनंदा उठला, शेजारची खाट चाचपली. अंथरूण थंड होतं. बाहेर सतीश फाटकावरून चढून आत उतरला होता आणि मोबाईलचा उजेड खाली धरून उभा होता. "अण्णा," तो म्हणाला, "अक्का."

कमल कुंड्यांच्या रांगेत आडवी पडली होती. डोकं पायरीच्या दगडी कडेशी. एक कुंडी फुटून तिची माती तिच्या पदरावर सांडली होती. अंग गार पडलं होतं, दंवानं केस ओले झाले होते. श्वास चालू होता. किती वेळ पडली होती कुणाला माहीत. हाक मारली असेल तर ती कुणी ऐकली नव्हती.

टेम्पो कुंड्यांसाठी रिकामा होता. त्यातच पोतं आणि वाकळ अंथरून तिला हुबळीला नेलं. वाटेत भैरीदेवरकोप्पजवळ तिनं डोळे उघडले.

"कुंडी फुटली काय हो?" तिनं विचारलं.

"न्हाई," आनंदा म्हणाला. "एक बी न्हाई फुटली."

त्यानंतर ती बोलली नाही. डोक्यात आत रक्त साचलं होतं. चार दिवस तिला दवाखान्यात ठेवलं, पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. मुलगी अनिता अळणावरहून आली होती. क्रियाकर्म जावयानं आणि आनंदानं केलं. दारात बसलेली माणसं म्हणत होती, अमावास्याच होती ना ती, अमावास्येनं नेलं. सतीश भिंतीला टेकून रडत म्हणाला, "म्याच सांगितलं रातीला काढून ठिवा म्हणून." त्याच्या पाठीवर हात ठेवून आनंदा म्हणाला, "तुझं काय न्हाई त्यात. जागा हुती तिला जायाला. म्या ठिवली हुती."

आणि त्याचं त्यालाच ते कोडं होतं. जागा होती. झाडून ठेवलेली. ती टाकीच्या अंगाला कशाला गेली?

प्लॉटवर तो एकटाच परत आला. वाट मोकळी होती. घरांचे फोन येत होते म्हणून सतीशनं कुंड्या पोचवल्या होत्या. त्या दिवशी तो शेतात गेलाच नव्हता. वाटेवर कुंड्यांच्या बुडाची ओल वाळून मातीचे गोल उरले होते. बावीस गोल, एका रेषेत, वीत-वीत अंतरावर. फुटलेल्या कुंडीच्या खापऱ्या कुणीतरी टाकीपाशी नीट रचून ठेवल्या होत्या.

आनंदा दारात उभा राहिला. डोळे मिटून घेतले. डावा हात छातीशी धरला, तिचा असायचा तसा, आणि उजव्या हातात दोर घेतला. चालू लागला. कुंपणाच्या अंगानं, सर्र, एक गाठ. सर्र, दोन गाठी, पायरी. चिंधी. तिथं तो वळला. परत यायचं तर दोर आता डाव्या अंगाला आला होता, आणि डावा हात छातीशीच होता. दोर उजव्या हातात यायचा तर दोराखालून वाकून पलीकडं जायला हवं होतं. टाकीच्या अंगाला.

तो वाकला. पलीकडं गेला. उजव्या हातात दोर आला.

डावा हात धरणारा असता तर ती गेली त्याच बाजूनं आली असती. तो धरणारा नव्हता. दोन महिने, रात्री दोन-तीनदा, ती जाताना कुंपणाकडून जात होती आणि येताना टाकीकडून येत होती. जाण्याची वाट त्यानं झाडून ठेवली होती. येण्याच्या वाटेवर त्यानं बावीस कुंड्या मांडल्या होत्या, मोजून, वीत-वीत अंतरानं.

आनंदानं डोळे उघडले तेव्हा तो पहिल्या गोलात उभा होता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. अनिताला नाही, सतीशला तर नाहीच. सगळे अमावास्येला बोल लावत होते, तो मान हलवत होता. अनिता म्हणाली, "अप्पा, चला माझ्याकडं. हितं एकटं काय करतासा?" तो म्हणाला, कुंड्या हायत. तीनशे अठ्ठ्याहत्तर कुंड्या उरल्या होत्या आणि त्या फुलत होत्या. इतकी सरस शेवंती त्याच्याकडं कधी झाली नव्हती. त्यानं ती सगळी पोचवली. घरोघरी लोक म्हणाले, अण्णा, यंदा कमाल केली. तो खाली बसून आधीच्या गोलात कुंडी बरोबर बसते का बघत राहिला.

शेवटची कुंडी गेली त्या संध्याकाळी त्यानं पत्र्यावरचा फोकस काढला, पुसला, खांबावर चढवला आणि बटण दाबलं.

तेव्हापासून तो रोज दिवे लागायला लावतो आणि सकाळी मालवतो. एकही संध्याकाळ चुकलेली नाही. जूनमध्ये त्यानं काश्या लावल्या, कारण जूनमध्ये त्या लावायच्या असतात. श्रावणात दोनदा शेंडे खुडले. त्याला डोळ्यानं बघून खुडावं लागतं, आणि बरेचदा चुकतं. दसरा आला, गेला. शेवंती कमरेला लागली. पानावर पान, कळी नाही. ह्या खेपेला त्यानं खत बदललं नाही की पाणी कमी केलं नाही.

घरांना तो झेंडू आणि झिनिया देतो. एकतीसातली चौदा घरं उरली आहेत. श्रीलक्ष्मीबाईंच्या अंगणात एके दिवशी तो झिनियासाठी खडूनं गोल काढत होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या शेवंतीच्या दोन रिकाम्या गोलांकडं बघत होत्या.

"आनंदा," त्या म्हणाल्या, "यंदा शेवंती नाही?"

"आमच्याकडं येत न्हाई बाई आता ती."

"मला कारण माहीत आहे रे." त्या थांबल्या. "तो दिवा मालव ना आता. कोण जाणार आहे रात्री त्या वाटेनं?"

आनंदानं गोल पुरा केला. खडूचं टोक फरशीवर घासून सारखं केलं.

"मी हाय की," तो म्हणाला. "मला बी जावं लागतंय रात्री. म्हातारा झालो."

त्यानं झिनियाच्या कुंड्या आत आणल्या, गोलात बसवल्या, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि एक कुंडी बोटभर डावीकडं सरकवली. मग दिवे लागायच्या आत तारिहाळला पोचायचं म्हणून तो निघाला.